दोन माइक, एक घाणा

रुचिराच्या स्टुडिओत ताठ उभं राहायची सोय नव्हती. पोटमाळाच तो. शिडीवरून वाकून वर यायचं, वाकूनच बसायचं आणि निघतानाही वाकूनच निघायचं. भिंतींना आईच्या जुन्या गोधड्या खिळ्यांवर टांगलेल्या, एका कोपऱ्यात तांदळाचा डबा, दुसऱ्यात मामाने दिलेला लॅपटॉप, आणि मधोमध स्टँडवर तिचा एकुलता एक कंडेन्सर माइक. घाटकोपरच्या टेकडीवरच्या त्या चाळीत कुणी विचारलं, “रुचिरा कुठाय?” की तिची आई नुसतं छताकडे बोट दाखवायची. “वर. हापिसात.”

हीच रुचिरा नववीपर्यंत हजेरीला “हजर” म्हणायची तेही बाईंना दोनदा विचारावं लागायचं. मग गेल्या गणपतीत तिने चाळीच्या आरत्या रेकॉर्ड केल्या, झांजा जरा मागे, आवाज जरा पुढे असं करून सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवल्या, आणि कुणीतरी म्हणालं, “च्यायला, आपण एवढे बरे गातो?” बस्स. त्या एका वाक्यावर पोरगी उड्या मारायला लागली. दहावीचं वर्ष असूनही दोन क्लासवाल्यांच्या जाहिरातींना आवाज दिला, एका लग्नाचं आमंत्रण वाचून दिलं. ही कमाई आणि वाढदिवसाची पाकिटं मिळून साडेआठ हजार जमले होते, आणि त्यांचं काय करायचं हे कधीच ठरलं होतं. सोनेरी जाळीचा, जाडजूड, एकदम गायिकेच्या तोंडासमोर शोभेल असा मोठा माइक. त्याचा फोटो तिने मोबाइलच्या पडद्यावर लावला होता. मैत्रिणी हिरोंचे लावतात तसा.

अशातच एका संध्याकाळी दर्शना शिडी चढून वर आली आणि नेहमीप्रमाणे डोकं आपटून घेतलं.

“आई गं! रुचे, हेल्मेट ठेव ना इथे एखादं.”

दर्शना समोरच्या नंदाकाकूंची मुलगी. बँकेत नोकरीला. लग्न वीस दिवसांवर आलेलं, तोंडावर तेज कमी आणि झोप जास्त दिसत होती.

“तुझ्याकडे एक काम आहे,” ती गोधडीला टेकून म्हणाली. “मला हळदीला घाणा पाहिजे.”

“मग? नंदाकाकू आहेत की.”

“अर्धा घाणा आहे माझ्या आईकडे. उरलेला अर्धा मोठीआईकडे.”

ह्या गोष्टीवर चाळीत सगळेच गप्प व्हायचे.

घाणा भरणं म्हणजे हळदीच्या दिवशी मुसळांना आंब्याची पानं बांधायची, बायकांनी ती धरून उखळातली हळकुंडं कांडायची, आणि मुसळाच्या ठेक्यावर गाणी म्हणायची. एक ओळ हिने म्हणायची, पुढची तिने. दर्शनाच्या घरात पंचवीस-तीस वर्षं पहिली ओळ नंदाकाकूंची आणि उत्तराची चंपाकाकींची. दोघी सख्ख्या जावा. चंपाकाकी थोरल्या, दर्शनाच्या मोठीआई. नंदाकाकू मसाल्याच्या कारखान्यात कामाला जायच्या, त्यामुळे दर्शनाला न्हाऊ-माखू घालून शाळेत सोडलं ते चंपाकाकींनीच.

चार वर्षांपूर्वी चंपाकाकींचे यजमान काशीरामकाका गेले. आठच महिन्यांनी दर्शनाच्या भावाचं, अनिरुद्धचं लग्न आलं. हळदीला चंपाकाकी नेहमीसारख्या पुढे झाल्या, मुसळाला हात घातला, आणि नंदाकाकू सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, “वयनी, तुम्ही जरा मागे बसा.” विधवेने घाणा भरायचा नसतो, हे सांगायची गरज नव्हती. सगळ्यांना कळलं. चंपाकाकी मागे बसल्या नाहीत. सरळ घरी गेल्या आणि दार लावून घेतलं. दोघींच्या खोल्यांमध्ये एक भिंत. तेव्हापासून त्या भिंतीच्या अलीकडून पलीकडे शब्द गेला नव्हता.

“आई बोलावणार नाही, मोठीआई येणार नाही,” दर्शना म्हणाली. “पण रुचे, तिच्या आवाजाशिवाय मला हळदच लागल्यासारखी वाटणार नाही गं. तू दोघींना वेगवेगळं रेकॉर्ड कर. आणि जोड. आपण स्पीकरवर लावू.”

“एवढंच?” रुचिराने चुटकी वाजवली. “झालं समज! अगं, हल्ली दोन देशांतली माणसं मिळून गाणं करतात. ह्या तर एका भिंतीच्या दोन बाजूंना आहेत.”

*

नंदाकाकू दुसऱ्याच दिवशी हौसेने आल्या. नऊवारी नाही तरी चांगली साडी नेसून. माइकसमोर बसल्या, पदर सावरला, घसा खाकरला आणि मोकळ्या आवाजात ओळ टाकली:

“मुसळाला बांधली गं आंब्याची पानं…”

आणि थांबल्या.

“म्हणा ना काकू. पुढे?”

“पुढचं माझं नाही.”

“पण येतं ना? पंचवीस वर्षं ऐकताय.”

“ऐकते म्हणून काय म्हणायचं का? शेजारणीच्या ताटातलं रोज दिसतं, म्हणून जेवतो का आपण?” नंदाकाकू हसल्या, मग जरा गडबडल्या. “आणि खरं सांगू, ती म्हणते ना, तेव्हाच मला माझी पुढची सुचते. आत्ता काही आठवतच नाही बघ.”

तीन वेळा प्रयत्न करून मिळाल्या अकरा ओळी. त्याही कुठल्या गाण्यातल्या, कोणतीनंतर कोणती, ते त्यांनाच धड सांगता येईना.

चंपाकाकींचे गुडघे शिडी चढण्यातले नव्हते. मग रुचिराच बोचकं बांधून त्यांच्या खोलीत गेली. काकींनी आधी चहा केला, मग बोचक्यातली एकेक वस्तू हातात घेऊन तिची किंमत विचारली, मग दर्शनाचं नाव निघाल्यावर निमूट बसल्या. रुचिराने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले, नंदाकाकूंची ओळ लावली.

तीन वर्षांनी जावेचा आवाज इतक्या जवळून ऐकला असेल. त्या जरा दचकल्याच. मग तोंड उघडून उत्तर द्यायला गेल्या, तर पुढची ओळ सुरू झाली. पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

“काकी, मी मध्ये जागा वाढवते. किती सेकंद सोडू?”

“सेकंद?” चंपाकाकींनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. “सेकंद माका कशे कळतले गो? मी श्वास घेतंय तवसर ही फुडे गेली. ही बाय थांबणाच नाय.”

“पूर्वी थांबायच्या?”

“पूर्वी ती माझ्या तोंडाकडे बघी. मी तिच्या.” एवढं बोलून त्या उठल्या आणि कपबश्या विसळायला गेल्या.

रुचिराने रात्री जोडाजोड करून पाहिली. जागा कमी केल्या, वाढवल्या. ऐकायला असं येत होतं की दोन बायका आपापल्या घरी फोनवर बोलताहेत, त्याही तिसऱ्याच कुणाशी. पहिल्यांदाच तिला आपल्या कामाची लाज वाटली. दोघी एकाच वेळी गायला हव्यात. म्हणजे माइक एकावर भागणार नाही. तिने मोबाइल उघडला आणि पडद्यावरच्या सोनेरी जाळीकडे जरा लांबूनच बघितलं.

*

कुर्ल्यात चंद्रप्रकाशभाईंचं दुकान म्हणजे मरून पडलेल्या स्पीकरांचा ढीग आणि त्यात बसायला एक स्टूल. रुचिराचा माइक लॅपटॉपला जोडायची पेटी तिने तिथूनच घेतली होती, जुनी, दोन माइक लागतील अशी. भाई बोलायचे अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि गिऱ्हाइकाला वस्तू विकण्याआधी तासभर ती का घेऊ नये ते सांगायचे.

“मोठा माइक? मोठा कशाला?” ते सोल्डर करता करता म्हणाले. “तुझी खोली मोठी आहे का?”

“नाही.”

“मग? कंडेन्सर आहे तो, चुगलखोर जात. बाजूच्या घरातला कुकर पण सांगतो. महाग घेतलास तर कुकर महागातला ऐकू येईल. बस.”

“भाई, मस्करी नको ना यार. दोन बायका आहेत. समोरासमोर गाणार. एकच मोठा मधे ठेवला तर?”

“तुझ्या बजेटमधले सगळे समोरून ऐकणारे. पाठीमागे बहिरे. एक बाई येईल, दुसरी बाई गल्लीतून ओरडतेय असं वाटेल.”

“मग माझा जुना एक आणि त्याच्या जोडीला नवीन एक?”

“एक बाई देवळात, दुसरी बाथरूममध्ये.” भाईंनी सोल्डरगन खाली ठेवली. “प्रत्येक माइकचा मिजाज वेगळा असतो, बेटा. दोघींना एका खोलीत ऐकायचं तर दोघींना एकसारखा माइक पाहिजे.”

स्टुलाखालच्या खोक्यातून त्यांनी एक लांबट डबी काढली. आत फोममध्ये दोन माइक शेजारी शेजारी, करंगळीहून जरा जाड, पेन्सिलीसारखे सरळसोट. ना जाळी सोनेरी, ना रुबाब. एका कीर्तनकाराच्या पोराने विकलेली जोडी. एकाच कारखान्यातली, एकाच दिवशी तपासलेली.

ती जोडी बघून रुचिराला काहीच झालं नाही. हृदयात घंटा वगैरे वाजायला हवी होती, ती वाजली नाही. ह्या काड्यांसमोर ती स्वतः गाणार? फोटोत कशा दिसणार? तिने डबी बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली.

“सात हजार,” भाई म्हणाले. “स्टँड दोन घेशील तर साडेआठ. वायर माझ्याकडून. एक लक्षात ठेव. तोंडापासून माइक एक वीत, तर दोन माइकच्या मधे कमीत कमी तीन विती. जवळ आणलेस तर आवाज पोकळ होतो.”

“आणि हिचा आवाज तिच्या माइकमध्ये गेला तर?”

“जाणारच. जाऊ दे ना. एकत्र गातात ना त्या?”

रुचिराने पाकीट रिकामं केलं. परत येताना पिशवीतली डबी तिने दहा वेळा चाचपली, आणि अकराव्यांदा मोबाइलवरचा फोटो बदलून टाकला.

*

दोघींना एका खोलीत आणणं माइक निवडण्यापेक्षा अवघड जाईल असं तिला वाटलं होतं. पण नंदाकाकू म्हणाल्या, “रेकॉर्डिंगच आहे ना? मग येते.” आणि चंपाकाकी म्हणाल्या, “दर्शनासाठी येतंय. बाकी कोणाच्या तोंडाकडे मी बघूचंय नाय.”

रविवारी दुपारी रुचिराच्या घरी खालच्या खोलीत मांडामांड झाली. पंखा बंद. फ्रिजची पिन काढलेली. “दही आंबलं तर तुला खायला घालीन,” आई म्हणाली. चाळीत रुचिराने स्वतः दारोदार फिरून सांगितलं की दोन ते चार कुणी कुकर लावायचा नाही. जमिनीवर गोणपाटाची चौपदरी घडी, त्यावर ठेका धरायला घरातलं मुसळ. ते आईच्या हातात. दोन बाजूंना दोन पाट, मध्ये चार हात अंतर, आणि प्रत्येक पाटासमोर माइकची एकेक काडी.

जावा आल्या. एकमेकींना टाळून बसल्या, म्हणजे समोरासमोर बसूनही एक खिडकीकडे बघतेय आणि दुसरी फ्रिजकडे.

“रुचिरा, सांग त्यांना,” नंदाकाकू फ्रिजला म्हणाल्या, “पट्टी जरा खालची घ्यायची. माझा घसा बसलाय.”

“रुचिरा, विचार तिका,” चंपाकाकी खिडकीला म्हणाल्या, “घसो कधी नीट होतो?”

“आई, तू मुसळ मार,” रुचिरा घाईघाईने म्हणाली आणि कानांवर हेडफोन ओढले.

धप्प. धप्प. नंदाकाकूंनी पहिली ओळ टाकली, आणि सवयीने, अगदी नकळत, मान वळवून जावेच्या तोंडाकडे बघितलं.

“मुसळाला बांधली गं आंब्याची पानं…”

“पानाआड लपलं गं नवरीचं मन…”

रुचिराच्या हातावर काटा आला. डाव्या कानात एक, उजव्या कानात दुसरी, आणि मधल्या चार हातांत हे काय होतं ते तिला सांगता आलं नसतं. नंदाकाकूंची ओळ संपायच्या आतच चंपाकाकी श्वास घेत होत्या. तो श्वास नंदाकाकूंना दिसत होता, आणि त्या शेवटचा शब्द जरासा ओढून धरत होत्या, पलीकडची येईपर्यंत. सेकंद नव्हतेच ते. गाणं मध्येच घाईत आलं तर दोघी घाईत येत, रमलं तर दोघी रमत. आईचं मुसळ त्यांच्यामागे धावत होतं.

“कुणी गं घातली ओंजळ पहिली?”

“काकीनं घातली, मायेनं भरली…”

नंदाकाकूंना म्हणे अकरापुढे ओळी आठवत नव्हत्या. एकामागून एक चार गाणी झाली. एका ठिकाणी चंपाकाकींनी उत्तरात व्याह्यांची अशी काही टर उडवली की नंदाकाकूंना हसू फुटलं, ओळ सांडली, आणि चंपाकाकींनीच ती उचलून पुढे नेली. सगळं आत येत होतं. हसणं, बांगड्या, गोणपाटाची धूळ उडाल्यावर आईची शिंक. रुचिरा मनात ओरडत होती, झकास, झकास, झकास.

शेवटचं गाणं संपलं. नंदाकाकूंचा चेहरा उजळला होता. त्या मनापासून खूश होत्या, आणि खुशीत माणूस तोंडावर हात ठेवायला विसरतो.

“काय मस्त झालं गं रुचिरा! माझं टेन्शनच गेलं. आता हळदीला नुसता स्पीकर लावायचा. घाणाही झाला, वयनींचा आवाजही झाला, आणि आमच्या नणंदेला, नीलावन्संना, बोलायला जागा उरली नाही. कुणाला पुढे-मागे बसवायची भानगडच नको.”

आईने मुसळ हळूच भिंतीला टेकवलं.

चंपाकाकी आता गाणं नसतानाही सरळ जावेकडे बघत होत्या. पण बोलल्या रुचिराशीच.

“रुचिरा, विचार तिका. माझो आवाज सवाष्ण आसा काय गो?”

नंदाकाकूंनी पदर खोचला.

“आवाज मांडवात बसलो तर चलता. मी बसलंय तर इटाळ.” गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या. “बरा यंत्र आणलंस हां, बाय.”

दार ओढून घेतल्याचा आवाज आला. हेडफोनमध्ये तो दोन्ही कानांत आला. लाल दिवा अजून चालूच होता.

*

संध्याकाळी रुचिरा पोटमाळ्यावर बसून होती. जाताना नंदाकाकू हळूच म्हणून गेल्या होत्या, “ते शेवटचं तेवढं काढून टाक हं,” आणि ती “हो” म्हणाली होती. काढून टाकायला काय लागतं? एवढा तुकडा निवडायचा, एक बटण. त्याआधीची वीस मिनिटं तिच्या आजवरच्या कामात सगळ्यात सुंदर होती. साफ शेवट झाला असता.

पण बोट चालेना. तीन वर्षांपूर्वी नंदाकाकू म्हणाल्या होत्या, मागे बसा. आणि तिने काय केलं होतं? कुर्ल्याहून माइकची जोडी आणून, विती मोजून, पंखा बंद करून, तेच. फक्त आवाज न चढवता. चंपाकाकींना मांडवाबाहेर ठेवायची इतकी छान सोय चाळीत आजवर कुणी केली नव्हती. वाट लागली, रुचे. तुझ्या हुशारीची पार वाट लागली.

लग्नाच्या खरेदीवरून परस्पर दर्शना आली. डोकं आपटलं. “झालं? ऐकव, ऐकव!”

रुचिराने हेडफोन दिले. काही कापलं नव्हतं.

वीस मिनिटं दर्शनाच्या चेहऱ्यावर आधी हसू होतं, मग डोळ्यांत पाणी, आणि मग शेवटच्या अर्ध्या मिनिटात दोन्ही गेलं. तिने हेडफोन काढला. लॅपटॉप उचलला. “चल,” म्हणाली.

“अगं, मी काकूंना सांगितलं होतं की काढून टाकते…”

“चल म्हटलं ना.”

नंदाकाकू रुखवताच्या करंज्या मोजत बसल्या होत्या. दर्शनाने काही न बोलता त्यांच्या कानांवर हेडफोन ठेवले आणि सुरुवातीपासून लावलं. नंदाकाकूंनी आधी “अगं हात तेलाचे आहेत” वगैरे केलं, मग ऐकू लागल्या. स्वतःचा आवाज ऐकून लाजल्या. मग त्यांची मान हलायला लागली, आणि थोड्या वेळाने थांबली.

“मी एवढी थांबते हिच्यासाठी?” त्या जरा मोठ्यानेच म्हणाल्या, कान झाकलेल्या माणसाला कळत नाही तशा.

गाणी संपली. आता काय येणार ते रुचिराला माहीत होतं. ती जमिनीकडे बघत राहिली. नंदाकाकू स्वतःचंच बोलणं ऐकत होत्या, नीलावन्सं, पुढे-मागे, भानगड. मग चंपाकाकींचा प्रश्न. आणि मग ती शांतता, जी खोलीत असताना एवढी लांब वाटली नव्हती. तिच्यात पदर खोचल्याची सळसळ होती, गुडघ्याचा कट्ट आवाज होता. आणि नंदाकाकूंचा स्वतःचा श्वास होता. बोलण्यासाठी घेतलेला, आणि तसाच सोडून दिलेला.

त्यांनी हेडफोन काढला. मोजलेल्या करंज्या पुन्हा मोजायला घेतल्या.

“हे लावायचं नाही,” दर्शना म्हणाली. “मोठीआई नसेल तर मला घाणाच नको. नुसती हळद लावा आणि मोकळं करा.”

“मी एकटी ठरवते का गं सगळं? रीत आहे ती.”

“मुसळावरून हात कुणी काढायला लावला? रीतीने की तू?”

नंदाकाकूंनी तेलाचे हात पदराला पुसले, जे त्या कधी करत नाहीत. देवाजवळची आमंत्रणाच्या अक्षतांची वाटी घेतली. दारापर्यंत गेल्या, परत आल्या, आणि कुंकवाच्या करंड्याकडे हात गेला, पण करंडा तिथेच राहिला. मग बाहेर पडल्या. मधल्या भिंतीला वळसा घालायला चार पावलं लागतात.

रुचिरा आणि दर्शना दारातच उभ्या राहिल्या. पलीकडचं दार उघडलं.

“वयनी, हळदीचं आवतण द्यायला आले.”

“पत्रिका इली मा पोष्टान.”

“ती ह्यांनी पाठवली. हे मी आणलंय.”

चंपाकाकी वाटीकडे बघत राहिल्या. “खय बसूचा? मागे?”

“माझ्यासमोर.”

“लोक बोलतले.”

“बोलतील,” नंदाकाकू म्हणाल्या. “मी पण बोललेच होते ना. माझ्यापेक्षा वाईट काय बोलणार?”

चंपाकाकींनी ओंजळ पुढे केली नाही. वाटीच घेतली हातातून, आख्खी. “ईन,” म्हणाल्या. “पण गाऊक नाय फक्त. मुसळ धरतलंय.” आणि दार लोटलं, पण कडी लावल्याचा आवाज आला नाही.

*

हळदीला चाळीसमोरच्या पटांगणात मांडव होता. साउंडवाला सिद्धेश रुचिराकडे हात करून ओरडला, “ए, तुझा ट्रॅक दे, आता लागेल!”

“ट्रॅक नाहीये. तुझा स्पीकर बंद कर.”

“बंद? अख्खा?”

“अख्खा रे.”

माइकची जोडी तिने घरीच ठेवली होती. आणावी की नाही ह्यावर सकाळभर तिचं स्वतःशी भांडण झालं होतं. रेकॉर्ड करायला हवं, हे तिला पटत होतं. पण आज कुणी माइककडे बघून बसावं असं तिला वाटत नव्हतं.

चंपाकाकी आल्या. फिक्या निळ्या साडीत, केस घट्ट बांधून. नंदाकाकूंनी मुसळाचं एक टोक त्यांच्याकडे सरकवलं आणि मांडवातल्या बायकांची कुजबुज सुरू झाली. मुलुंडच्या नीलावन्सं, दोघींच्या नणंद, पहिल्या रांगेतून उठल्या.

“नंदा, काय चाललंय हे?”

“घाणा चाललाय, वन्सं. बसा.”

“शुभकार्य आहे पोरीचं!”

“म्हणूनच,” नंदाकाकू म्हणाल्या. त्यांनी मुसळावरचा हात काढला नाही. नीलावन्सं बसल्या नाहीत. पिशवी उचलून मांडवाच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या, पाठ करून. त्यांच्यामागे आणखी दोघी गेल्या. एवढ्या बायकांत तीन जणींनी सोडलेली जागा मोठी दिसत होती. पाटावरची दर्शना त्या जागेकडे बघत होती, आणि चंपाकाकीही.

मुसळ उचललं गेलं. नंदाकाकूंनी ओळ सुरू केली ती कुठल्या कुठे गेली, चंपाकाकींनी उत्तर दिलं तेही सुरात नव्हतं. रविवारच्या रेकॉर्डिंगशी तुलना केली असती तर हे काहीच नव्हतं. रुचिरा मांडवाच्या खांबाला धरून ऐकत होती आणि तिसऱ्या ओळीपर्यंत त्यांचं जुळावं म्हणून मनातल्या मनात देवाला साकडं घालत होती.

“ए बाय, उभी काय रवलंस?” चंपाकाकी ओळ अर्धी सोडून तिच्यावरच खेकसल्या. “ह्या बाजूक हात कमी पडतत. धर मुसळ.”

“मी? काकी, माझं तर लग्न पण नाही झालेलं. मला चालतं का?”

“कोणाक काय चलता ह्यां आज विचारूचा नाय. धर.”

रुचिराने रिकाम्या जागेतून पुढे जाऊन मुसळाला हात घातला. लाकूड तिला वाटलं होतं त्याहून जड होतं, आणि तेलहळदीने निसटत होतं. तिचा पहिला घाव उशिरा पडला, दुसरा लवकर. नंदाकाकूंनी तिच्याकडे बघितलंही नाही. त्या समोरच्या तोंडाकडे बघत होत्या, शब्द ओढून धरून, पलीकडचा श्वास भरायची वाट बघत.